लाल्याची पाठराखीण

आमच्या कोरीट गावची जसोदाबाई ब्राझीलात मोठी गाणारी झाली, ती एका गोऱ्ह्यापायी. हसू नका, ऐका.

गोऱ्ह्याचं नाव लाल्या. चार दिवसांचा असताना त्याची माय मेली. जसोदाबाईनं त्याला हातानं दूध पाजलं, पाजताना कानात हळू गुणगुणायची. पुढं चांगला दांडगा सांड झाला, तरी तिचं गाणं असल्याशिवाय घास घ्यायचा नाही. अन् मोठ्यानं गायलं की बिथरायचा.

एकोणसाठ साली ब्राझीलचा एक साहेब सांड घ्यायला आला. बाईच्या पोरानं, गिरधरनं, लाल्याचा सौदा केला. बाई गाठोडं बांधूनच बाहेर आली.

"माय, तू कोठे जाई ऱ्हायनी?"

"पोर सासरले जास तव्हय संगे पाठराखीन जास ना? लाल्या तठे रुळी गया, का मी परत येस."

"अवं, तो सांड शे!"

"मंग? तुन्हापेक्षा शहाणा शे."

गेली! दीड महिना बोटीत गात गेली. तिकडं तेव्हा बोसा नोव्हा नावाचं नवंच खूळ निघालेलं. गाणाऱ्यानं ओरडायचं नाही, कानात सांगितल्यासारखं गायचं. साहेबाच्या गोठ्याशेजारी एक गिटारवाला राहायचा. त्यानं बाईचं "खाय रे लाल्या, खाय" ऐकलं अन् रडायलाच लागला. झालं! तबकड्या निघाल्या, पेपरात फोटो आले, लुगड्यातले. तिकडच्या पोरी म्हणायच्या, काय विरह आहे!

स्टेजवर लाल्या लागायचाच. मधे बाई, बाजूला गिटारवाला, मागं लाल्या अन् त्याच्यापुढं कडब्याची पेंढी. सात वर्षं अशी गेली. बाईला टाळ्यांचं काही नव्हतं. रोज एकच घोर, हा रुळणार कधी, मी घरी जाणार कधी?

सहासष्ट साली एका मोठ्या थेटरात गाता गाता तिला ठसका लागला. गाणं थांबलं. मागं कडब्याचा कुरकुर आवाज चालूच. बाईनं वळून पाहिलं. लाल्या आपला आपण खात होता!

"देख रे भो," ती गिटारवाल्याला म्हणाली, "मन्हाबिगर खाई ऱ्हायना! लाल्या रुळी गया, मन्हं काम जयं."

लाल्याच्या पाठीवर हात फिरवला अन् मागल्या दारानं निघाली, बोटीचं तिकीट काढायला.

इकडं थेटरातल्या लोकांना वाटलं, बाईनं सूर आणखी खाली नेला. डोळे मिटून, कानामागं हात धरून, श्वास रोखून, अर्धा तास बसली होती मंडळी.