राखून ठेवलेली लिफ्ट

"दार लावू नका हो! माझी सून आहे!"

म्हातारीने स्ट्रेचरचं चाक लिफ्टच्या उंबऱ्यात घातलं. लिफ्टमनने दोन्ही हात आडवे केले.

"मावशी, दोनच मिनिटं. बिशपस्वामी येताहेत. लिफ्ट राखून ठेवायचा हुकूम आहे."

"आणि हिचं रक्त? त्यालाही सांगू, दोन मिनिटं थांब म्हणून?"

स्ट्रेचरवरची बाळंतीण कागदासारखी पांढरी पडली होती. रक्त थांबत नव्हतं. ऑपरेशनची खोली चौथ्या मजल्यावर आणि मिशनच्या त्या इस्पितळात लिफ्ट एकच. पाचव्यावरच्या सभागृहात आज बिशप बोलणार होते. विषय : उपचार हे दान नव्हे, प्रत्येकाचा हक्क.

लिफ्टमन वाईट नव्हता, हिशेबी होता. लिफ्टमध्ये शिरणाऱ्याचं वजन किती आणि वट किती, हे तो एका नजरेत ताडायचा. जन्मभर लोकांना वर पोचवून स्वतः तळमजल्यावरच राहिलेल्या माणसाला एवढी विद्या येणारच. निवृत्ती तोंडावर आली होती. मुदतवाढ व्यवस्थापक फादरांच्या हातात होती आणि सकाळीच त्यांनी उभं राहून लिफ्टमध्ये लाल गालिचा अंथरून घेतला होता.

बाहेर गाडी थांबली.

"आले! आले!" फादर दारातून ओरडले. "लिफ्ट उघडी ठेव रे!"

बाळंतिणीचं मनगट धरून उभ्या असलेल्या सिस्टरनी बोटं जरा सरकवली, पुन्हा दाबली. "नाडी लागत नाहीये," एवढंच त्या म्हणाल्या. कोणालाच उद्देशून नाही.

लिफ्टमनचे हात खाली आले. त्याने स्ट्रेचर आत ओढलं, जाळीचं दार खेचलं. लिफ्ट वर निघाली तेव्हा जाळीतून फादरांचा वासलेला आ दिसला आणि त्यांच्यामागे बिशपांचा जांभळा कमरपट्टा.

चौथ्यावर स्ट्रेचर आत गेलं, दारावरचा दिवा लागला. लिफ्टमन खाली निघाला. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या पायरीवर, बिशप गुडघे दाबत बसले होते. शेजारी फादर, चेहरा तापलेल्या तव्यासारखा.

लिफ्टमनने दार उघडलं. "चला स्वामी. चूक झाली."

"वर कोण गेलं?"

"बाळंतीण."

"वेळेत पोचली?"

हो म्हणून सुटता आलं असतं. "मी अडवली होती, स्वामी. तुमच्यासाठी."

बिशप कठडा धरून उठले. "खाली जा," ते म्हणाले, "आणि माझ्यासाठी थांबू नकोस." मग एकेक पायरी चढू लागले. नाइलाजाने फादरही.

संध्याकाळी म्हातारी जिन्याने खाली आली, भिंतीला धरधरून.

"शुद्धीवर आली हो! तुमचे उपकार कसे फेडू, दादा?"

"उपकार नका म्हणू, मावशी," तो मान वर न करता म्हणाला. "तिचीच होती लिफ्ट."

म्हातारीला ते कळलं नाही. ती आशीर्वाद देत गेली.

त्याने लिफ्टमधला गालिचा, रक्ताचा डाग आत राहील असा, गुंडाळून भिंतीशी उभा केला. मुदतवाढीचं त्याने विचारलं नाही, फादरांनीही काढलं नाही. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून तो उघड्या दाराशी उभा राहिला.