फितीमागे अडकलेला शब्द

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. ॲम्ब्युलन्स. तुम्ही मला गाडीच्या नाकावर उलटा लिहिलेला पाहता, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटा दिसावा म्हणून. त्यावर हसू नका. सध्या मला हसणं सोसत नाही.

माझं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ चालणं. फ्रेंच सैन्यामागे तंबू, डॉक्टर, मलमपट्ट्या असा सगळा दवाखाना हिंडायचा. त्या चालत्या दवाखान्याचं मी नाव झालो. पुढे इंग्रजांनी मला उचललं आणि जखमींना वाहून नेणाऱ्या गाडीवर बसवलं. फ्रेंचही मग गाडीला माझ्याच नावाने ओळखू लागले. दोन्ही घरी मला मान होता. माणूस चालू शकत नाही तेव्हा आपण चालायचं, एवढंच माझं काम.

एकलहऱ्याच्या एका वस्तीने वर्गणी काढून पांढरी गाडी घेतली. नाशिक रोडहून गाडी येईपर्यंत फार उशीर व्हायचा. अदनान पेंटरने मला तिच्यावर लाल रंगात रंगवलं. पण आपल्याकडे लोकार्पणाशिवाय चाक फिरत नाही. मला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली, नाकासमोर फीत बांधली. किल्ली पूजेच्या ताटात, नारळाशेजारी.

मंडप भरला होता. तेवढ्यात विमलाबाई धावत आल्या. त्यांचे यजमान पुंजाराम घरी छाती धरून बसले होते. दारोदार फिरून वर्गणी जमवली होती ती त्यांनीच.

"दिनेशभाऊ, ह्यांना लय घाम सुटलाय. गाडी काढा."

मंडळाचे अध्यक्ष दिनेश वाईट माणूस नव्हते. ते चाचरत म्हणाले, "वहिनी, पाहुणे सिन्नरहून निघालेत. फीत कापली की पहिली फेरी तुमचीच."

ड्रायव्हर फारुखने हात पुढे केला. "चावी द्या, भाऊ. फीत दुसरी आणू."

दिनेश ताटाकडे बघत राहिले, मग रस्त्याकडे. किल्ली काही त्यांनी दिली नाही.

शब्दाला स्वतःचा आवाज नसतो. नाहीतर मी किंचाळलो असतो. शेवटी विमलाबाईंनी पुंजारामांना रिक्षात घातलं आणि रिक्षा माझ्या समोरून गेली.

पाहुणे आले. फीत कापली, टाळ्या वाजल्या, भाषणात माझं नाव कितीदा तरी घेतलं गेलं. भाषण चालू असतानाच दवाखान्यातून फोन आला.

दिनेश बोलले होते तसंच झालं. पहिली फेरी विमलाबाईंचीच झाली. फारुखने सायरन न लावता पुंजारामांना घरी आणलं.

मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. कुठे कोरी गाडी अशी हार घालून उभी दिसली आणि कुणी धावत आलं, तर पाहुण्यांची वाट बघू नका. फीत तोडा. ती दुसरी मिळते.