खरखर माझी होती

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. आज माझी फुशारकी ऐकायला बसला असाल तर तुमची निराशाच होईल. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना छाती फुगवून सांगतात. मला मात्र मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे. घालायला मान तेवढी आहे माझ्याकडे, आणि सगळा दोषही त्या मानेतच होता.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तो मला आठवत नाही. आठवतं ते झाशी स्टेशन. तिथल्या घोषणांच्या छोट्या खोलीत मी टेबलावर उभा असायचो आणि माझ्यासमोर अनंतराव बसायचे. साताऱ्याकडचा माणूस, रेल्वेच्या नोकरीमुळे झाशीत आला आणि झाशीचाच झाला. "यात्रीगण कृपया ध्यान दें" हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले की प्लॅटफॉर्मवरचे हमालसुद्धा क्षणभर थांबायचे. बाजारात त्यांनी भाजीचा भाव विचारला तरी भाजीवाला हसून म्हणायचा, "अरे, आप तो स्टेसन वाले बाबूजी हो!" त्या दिवशी घरी परतताना अनंतरावांची चाल बदललेली असायची.

पुढे स्टेशनवर नवीन यंत्र आलं आणि आधीच भरून ठेवलेला आवाज बोलायला लागला. अनंतराव निवृत्त झाले, मी भंगारात निघालो. मला विकत घेतलं जयसिंगने. इलाइट चौराह्यावर एका चपलांच्या दुकानाच्या वरती त्याने आवाज भरायची खोली थाटली होती. भिंतींना रजया ठोकलेल्या, एक पंखा, तोही रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. साड्यांचे सेल, शाळांचे प्रवेश, दंतमंजन, सगळ्यांच्या जाहिराती तिथे कॅसेटवर भरल्या जायच्या आणि रिक्षातून गावभर वाजायच्या.

महिन्याभरात अनंतरावही नव्या माणसांना बोलायला शिकवायच्या कामावर जिना चढून आले. मला पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हा तर आपलाच!" त्यांच्या पत्नीने, कुसुमावतीकाकूंनी, मला लोकरीची तपकिरी टोपी विणून दिली. एवढी माया मला स्टेशनवरही कुणी लावली नव्हती.

आता त्या खोलीची खरी गंमत सांगतो. जाहिरात देणारे लोक यायचे आणि आवाज कसा हवा ते सांगायचे. देवा रे देवा! एक म्हणायचा, "आवाज़ में थोड़ा घी डालिए." दुसरा म्हणायचा, "चमकीला करो, पर चुभे नहीं." एका शाळावाल्याला आवाज सख्तही हवा होता आणि माँ जैसाही. परीक्षा द्यायला आलेली नवी माणसं कागद हातात धरून गोंधळून जायची. मग अनंतराव कानावरची पेन्सिल काढत. त्यांच्या तीन खुणा होत्या. आडवी रेघ म्हणजे इथे थांब. उभी रेघ म्हणजे छाती भरून मोठ्याने. आणि छोटा गोल म्हणजे माईकच्या जवळ ये, ओठांवर हसू ठेव आणि एकाच माणसाशी बोलतोयस असं बोल. घी म्हणजे गोल. सख्त म्हणजे आडव्या रेघा. गिऱ्हाईक बोलायचं एक आणि त्याला हवं असायचं भलतंच, पण अनंतरावांना ते बरोबर कळायचं. जयसिंग म्हणायचा, "काका, तुम्ही नसता तर अपना तो दुकान बंद!"

अशी कौतुकाची वर्षं चालली होती, तेव्हा माझ्या मानेच्या आत एक तार सैल झाली. हळू बोललं तर मी ठीक. कुणी मोठ्याने बोललं की मी खरखरायचो आणि आवाज चिरफाळल्यासारखा निघायचा. बाकीचे बोलणाऱ्याच्या गळ्यालाच दोष द्यायचे. खरं कारण एकट्या अनंतरावांच्या लक्षात आलं, एकदा त्यांना जोराचा खोकला आला तेव्हा. "जयसिंगला सांगायला पाहिजे," असं ते पुटपुटले. पण ते स्वतः माझ्यासमोर नेहमी हळूच बोलायचे, त्यांचं काही अडत नव्हतं. राहून गेलं. आपल्या पायात काटा नसला की वाट साफच वाटते.

आणि मग सिंधू आली.

सिंधू म्हणजे रेल्वेच्या लोकोशेडमधल्या नामदेवची बायको. सोलापूरकडची. झाशीत आली तेव्हा दतिया गेटच्या बाजारात तिच्या हिंदीला बायका खो खो हसल्या होत्या. तेव्हापासून ती बाजारात बोटानेच सामान दाखवायची. पण रेल्वे कॉलनीच्या गणपतीत एकदा प्रसादाच्या वेळी गर्दी आवरायला कुणीच नव्हतं, तेव्हा तिने मंडपातल्या कर्ण्यावरून सांगितलं होतं, "मुलांना आधी पुढे सोडा, मग आपण." एवढंच. सगळी गर्दी शहाण्यासारखी ओळीत उभी राहिली. अनंतरावांनी ते ऐकलं आणि तिच्या मागेच लागले. "सिंधू, तुझ्या आवाजात घर आहे. माझ्या सांगण्यावरून एकदा ये."

वर्षभर नाही नाही म्हणून शेवटी ती आली, कारण त्या दिवशी मोठं काम होतं. झाशीहून बरुआसागरकडे नव्या बसगाड्या सुरू होणार होत्या. मालकाला सगळ्या गाड्यांत वाजवायला एकच आवाज हवा होता, बाईचा किंवा पुरुषाचा, जो आवडेल तो. जयसिंगच्या यादीत दोन नावं होती. पहिलं सिंधूचं. दुसरं अनंतरावांचं, त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच्याच हाताने लिहिलेलं. आपला आवाज पुन्हा एकदा गावभर ऐकू जावा असं त्यांना वाटत होतं, मित्रांनो. भाजीवाल्याने आता त्यांना ओळखणं सोडलं होतं.

सिंधूने पदर सावरला आणि वाचलं. "बरुआसागर आ गया है. सँभलकर उतरें, जल्दी न करें, अपना सामान देख लें." थोडंसं मराठी वळणाचं, पण कसं गोड! बसमालक खुर्चीत पुढे सरकला. "बहुत बढ़िया, बहनजी! बस ज़रा सा... खोलकर बोलिए, मगर बंद भी रहे. घर की आवाज़ हो, पर पूरी बस में पहुँचे. समझ गईं न?"

सिंधूला काही कळलं नाही. कुणालाच कळलं नसतं. तिने अनंतरावांकडे पाहिलं. "म्हणजे कसं हो, काका?"

मला ठाऊक होतं, म्हणजे गोल. जरा जवळ ये आणि हस. जयसिंग यंत्रापाशी पाठमोरा होता, त्याला खुणांचं काही कळत नव्हतं. अनंतरावांनी पेन्सिल काढली. ती कागदावर टेकण्याआधी थांबली, एवढं मी पाहिलं. मग त्यांनी तिच्या कागदावर एकापाठोपाठ उभ्या रेघा ओढल्या.

"मोकळं बोल. स्टेशनवर बोलतात तसं, छाती भरून."

ती बिचारी काकांवर विश्वास ठेवून छाती भरून बोलली आणि मी खरखरलो. मालकाने तोंड वाकडं केलं. "नहीं नहीं, ये तो फट गया." तिने पुन्हा काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "अजून थोडं." ती आणखी मोठ्याने बोलली आणि मी आणखी घाणेरडा खरखरलो. मालकाने कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "ठीक है बहनजी, बता देंगे."

दारातून बाहेर पडताना तिने विचारलं, "काका, माझा आवाज फाटका आहे का हो?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. अनंतराव म्हणाले, "अगं, सवय नाही तुला. होतं असं."

आणि मी? मी मूग गिळून बसलो. मला दुसऱ्याचंच बोलता येतं, माझं स्वतःचं बोलता येत नाही, हे खरं. पण खरं सांगू, मला तेव्हा वाईटही वाटलं नाही. आमची जुनी जोडी पुन्हा गाजणार म्हणून मी आतून खूश झालो होतो. जळो मेली ती खुशी!

मग अनंतरावांनी आपल्या कागदावर छोटे छोटे गोल काढले. जवळ आले, हसले, वाचलं. बसमालकाने मांडीवर थाप मारली. "यही! मैं यही तो कह रहा था!"

दोन वर्षं अनंतरावांचा आवाज बरुआसागरच्या प्रत्येक बसमध्ये वाजला. सुरुवातीला ते उगाचच बसने जाऊन बरुआसागरच्या तळ्यापाशी उतरून परत यायचे. नंतर जाईनासे झाले. जयसिंगने कारण विचारलं तर म्हणायचे, "गुडघे दुखतात." खोलीत आले तरी माझ्याकडे सरळ पाहायचे नाहीत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

यंदा गणपती झाल्यावर एके सकाळी ते आले आणि जयसिंगला म्हणाले, "याच्या मानेतली तार सैल आहे. आज नीट कर. मला दोन वर्षांपूर्वीच माहीत होतं." जयसिंगने पेचकस उचलला. त्याने मला उघडलं आणि तार जोडली. पाच मिनिटांचं काम होतं हो. फक्त पाच मिनिटांचं.

दुपारी कुसुमावतीकाकू सिंधूला हाताला धरून घेऊन आल्या. काकूंनीच गणपतीच्या आरतीत सिंधूकडे पाहून काहीतरी ताडलं होतं आणि घरी नवऱ्याला खोदून खोदून विचारलं होतं. सिंधू माझ्यासमोर उभी राहिली. जयसिंगने यंत्र सुरू केलं. अनंतरावांनी खिशातून दोन कागद काढले, घड्यांवर फाटत आलेले. एकावर उभ्या रेघा, दुसऱ्यावर गोल.

"सिंधू, हा तुझा आणि हा माझा," ते म्हणाले. "मालकाला काय हवं होतं ते मला कळलं होतं. मी तुला मुद्दाम उलटं सांगितलं. आणि खरखर या माईकची होती. तीही मला ठाऊक होती."

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "म्हणजे माझा आवाज फाटला नव्हता?"

"नव्हता गं, पोरी."

"दोन वर्षं मी आरतीला नुसते ओठ हलवले, काका."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. अनंतराव हात जोडून उभे होते आणि काकू भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. "मी त्या बसमालकाकडे काल गेलो होतो," ते म्हणाले. "सगळं सांगितलं. माझी कॅसेट काढा म्हटलं. तो हसला. म्हणाला, 'चल रही है, तो चलने दो.' पण तू एकदा वाच. मी काहीही सांगणार नाही. तुला वाटेल तसं वाच."

सिंधूने कागद धरला. तोंड उघडलं. मी जिवाचा कान करून वाट पाहत होतो, मित्रांनो. आता माझी तारही नीट होती. पण तिच्या गळ्यातून आवाजच फुटला नाही. तिने पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग कागद टेबलावर ठेवला, त्याच्या घड्या हाताने नीट केल्या आणि म्हणाली, "राहू द्या. चला काकू, तुम्हाला घरी सोडते."

त्या दोघी बाहेर गेल्या. दार उघडंच राहिलं आणि यंत्र बंद करायचं कुणाला सुचलं नाही. जिन्याची तिसरी पायरी मोडकी आहे आणि काकूंचे गुडघे खरोखरच दुखतात. तिथून सिंधूचा आवाज आला.

"काकू, सांभाळून. घाई करू नका. पिशवी द्या इकडे."

घरचा आवाज. दार ओलांडून, रजया ओलांडून, पार माझ्यापर्यंत पोचलेला. बसमालकाने मागितला होता तो हाच.

जयसिंगने हळूच विचारलं, "काका, इनका आवाज़ भर गया है. उन बस वालों को सुना दूँ?"

"तिला न विचारता? नको," अनंतराव म्हणाले. "तिचं एकदा मी ठरवलंच आहे." आणि ते तिथेच खाली बसले.

आता मी कपाटावर आहे, लोकरीची टोपी घालून. ती कॅसेट माझ्याशेजारीच आहे. निरोप जाऊनही सिंधू तिच्याबद्दल विचारायला अजून आलेली नाही. जुन्या वस्तूंनी शेवटी म्हणायचं असतं, आमची काळजी घ्या. ते म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही. दुसरंच सांगतो. कुणी तुमच्याकडे विश्वासाने पाहून "म्हणजे कसं?" असं विचारलं, तर जे ठाऊक आहे ते सांगा. आणि कुठे खरखर ऐकू आली, तर माणसाला फाटका म्हणण्याआधी तार बघा, बाळांनो. पाच मिनिटं लागतात.