घरापुरती पाच पानं

“हा आपटा नाहीच मुळी!”

कोकिळेनं टोपलीतलं पान उचलून थेट मोतीलालच्या नाकासमोर धरलं. दसरा उद्यावर आलेला, बुधवाऱ्याच्या बाजारात झेंडूच्या ढिगांमधून वाट काढणं मुश्किल, आणि ही नववीतली पोर भर गर्दीत फुलवाल्याशी भांडायला उभी!

“मंग काय चिंचेचा पाला आहे का?” मोतीलालनं विचारलं.

“कांचन आहे, काका. पाहा ना, केवढं मोठं अन् गुळगुळीत. आपट्याचं पान लहान असते, जाड असते, लांबीपेक्षा रुंदीले जास्त. पाठीवरून बोट फिरवलं की खरखर लागते. हाव की नाही, बाई?”

मागे छत्री घेऊन उभ्या असलेल्या मथुराबाईंना आता कुठे तोंड लपवावं कळेना. मोतीलालनं त्यांच्याकडे मोर्चा वळवला. “अवो बाई, पोरीले शाळेत पाढे शिकवता का माहा धंदा बुडवाले शिकवता? माह्या बापानं हेच इकलं, आज्यानं हेच इकलं. सोनं म्हणून घेतलं का सोनंच होते!”

“आता नाही होत,” झेंडू निवडता निवडता धुरपदाबाई मध्येच कडाडल्या. धुरपदाबाई म्हणजे बुधवाऱ्याचा भोंगा. गल्लीत कुणाकडे दूध उतू गेलं तरी त्यांच्या तोंडून पार शनवारा दरवाज्यापर्यंत बातमी जायची. “आता आमी शिकलेल्या हाओत, मोत्या. वर्षानुवर्षं खोटं सोनं गळ्यात मारलं आमच्या. यंदा एक पान नाही घेणार. चला गं!”

आणि खरंच, चारपाच बायका झेंडू घेऊन पानांना हातही न लावता निघून गेल्या. मोतीलाल कपाळाला हात लावून बसला. मथुराबाईंना त्याची दया आली, नाही असं नाही. पण छत्रीआड त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की कोकिळा पाहतच राहिली. बाई हसल्या की कशा दिसतात, हे वर्गातल्या कितीतरी मुलींना ठाऊक नव्हतं.

मथुराबाई मुलींच्या मराठी शाळेत शिकवत. नवरा रेल्वेच्या पार्सल हापिसात होता, तो लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी गेला. माहेर मलकापूरचं. भाऊ अधूनमधून येऊन म्हणायचा, “ताई, आता राज्यं वेगळी होऊन राहिली. आम्ही मुंबईकडे, तू भोपाळकडे. कशाला एकटी परक्या राज्यात राहते? चल.” बाई म्हणायच्या, “परकं कसं रे? माझी झाडं आहेत इथं.” भावाला वाटायचं, बहीण थट्टा करते.

थट्टा नव्हती. तीन वर्षांपूर्वी वनमहोत्सव आला तेव्हा जंगल खात्याच्या कचेरीतून शाळेला गुलमोहराची रोपं मिळाली. ती लावून झाली, फोटो निघाला, आणि मग बाईंनी मुलींना सहज विचारलं, “आपल्या डोंगरातलं एखादं झाड कुणाला ओळखता येतं का गं?” एकही हात वर झाला नाही. बाईंना स्वतःलाही कडुनिंब, पिंपळाच्या पुढे जाता येईना. मग त्यांनी एक केलं. मुलींच्या आयांना रविवारी बोलावलं आणि विचारलं, तुमच्या माहेरी कोणती झाडं आहेत?

झालं! माहेर म्हटल्यावर कोण गप्प बसणार? डोंगरातलं डोईफोडिया हे माहेर असलेल्या मालूबाईंनी पळस, अंजन, धावडा अशी यादीच म्हटली. दुसरी म्हणाली, धावडा नाही, तो मोह. मग भांडण. मग पुढच्या रविवारी दोघींनी पुरावा म्हणून डहाळ्या आणल्या. अशी ती झाडांची शाळा सुरू झाली. तिच्यात मास्तरीण कोणीच नव्हती, नाहीतर सगळ्याच होत्या. बाई फक्त ऐकायच्या, विचारायच्या आणि एकीचं दुसरीला सांगायच्या.

एक गोष्ट मात्र कोणी बोलून दाखवत नसे. चैत्रात, संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं करत फिरणाऱ्या बायका मथुराबाईंच्या दारावरून पुढे जात. रिवाजच तसा. कोणाच्या मनात वाईट नसायचं, पण पावलं थांबत नसत. रविवारी मात्र त्याच बायका दार वाजवून म्हणायच्या, “बाई, येता ना? उन्हं चढून राहिली.”

राजघाटाच्या खालच्या अंगाला तापीच्या काठावरची एक उजाड पट्टी कचेरीतल्या जुन्या साहेबांनी त्यांना दिली होती. बोली अशी, की यंदाच्या दिवाळीपर्यंत झाडं जगून वर आली, तर पट्टी कायमची बायकांची. नाहीतर तिथं लाकडांचा अड्डा होणार. पहिल्या वर्षीचे करंज पुरानं नेले. दुसऱ्या वर्षी उंबर लावले, ते शेळ्यांनी फस्त केले. मग मालूबाईंनी माहेराहून आपट्याच्या शेंगा आणल्या. बिया गरम पाण्यात भिजवल्या, डब्यांत लावल्या, आणि ते मात्र चिवट निघाले. पूर आला तरी वाकून उभे, ऊन आलं तरी उभे. यंदा पावसाळा संपता संपता विसेक आपटे कमरेच्या वर आले होते. कोवळे शेंडे तांबूस, बाकी पानं हिरवी. साहेब आले की दाखवायचं तरी काय, ही बाईंची काळजी मिटली होती.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी तिथंच बसून बाईंनी आपटा आणि कांचन हा धडा घेतला. दोन्ही पानं हातोहात फिरली. शेवटी धुरपदाबाईंनी विचारलं, “पन बाई, सोनं तोडलं तं झाडाले लागत नसंल?”

“लागतं तर,” बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे डोईफोडियाच्या रानातली मोठी झाडं होती, दसऱ्याला गाडीभर ओरबाडली जाणारी. “म्हणून आधी हात जोडायचे, झाडाला विचारायचं, आणि घरापुरती पाचच पानं घ्यायची. फांदी मोडायची नाही.”

सगळ्यांना ते फार आवडलं. मालूबाईंनी तर “पाच पानं पाच देवांले” असा त्याला परस्पर अर्थही लावून टाकला. आठ दिवसांत ही गोष्ट बुधवाऱ्यात घरोघर झाली. बाईंना कोण आनंद! आपलं बोलणं चार बायकांच्या तोंडी बसलं, यापेक्षा शिकवणाऱ्याला काय हवं?

दसऱ्याच्या संध्याकाळी माणसं शनवारा दरवाज्यातून सीमोल्लंघनाला गेली आणि दिवेलागणीला परत फिरली. मथुराबाईंनी दारात एक पणती लावली, वाटीत साखर काढून ठेवली. दरवर्षी शाळेच्या पाचसहा मुली यायच्या, पाया पडायच्या. तेवढीच साखर पुरे होती.

पहिला आवाज आला तो धुरपदाबाईंचा. “बाई, दार उघडा, सोनं आणलंय!”

बाईंनी दार उघडलं आणि चौकटीला धरून उभ्याच राहिल्या. बोळ भरला होता. धुरपदाबाई, मालूबाई, त्यांच्या सुना, जावा, कडेवरची पोरं. कधी रविवारी न आलेल्याही बायका होत्या. नवी लुगडी, कपाळभर कुंकू. साऱ्या त्यांच्या दारात, आणि सणाच्या दिवशी.

“आधी तुमाले,” धुरपदाबाई म्हणाल्या. “मी सगळ्यांले बोल्ली, यंदा पयलं सोनं बाईंले. मंग देवाले, मंग नवऱ्याले.”

“नवऱ्याले उरलं तं!” मागून कोणीतरी म्हणालं आणि बोळभर हशा पिकला.

धुरपदाबाई वाकल्या. बाईंच्या हातात त्यांनी पानं ठेवली. “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. अन् पाहून घ्या, खरं आहे. मोत्याचं नाही.”

बाईंनी सवयीनं पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं. खरखर हवी तिथं मऊ लव लागली. फार कोवळं पान. त्यांनी ते पणतीकडे धरलं. कड तांबूस होती.

“कुठून आणलंत?” त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःला लांबून आल्यासारखा वाटला.

“कुठून म्हंजे? आपल्याच झाडांचं ना! डोईफोडियाले कोन जाते एवढ्या लांब? अन् तुमी सांगलं तसंच केलं बरं. हात जोडले, इचारलं. पाचच घेतले.”

“मी बी पाचच,” मालूबाई म्हणाल्या.

“मी बी.”

“आमच्या घरचे पाच, अन् जाऊबाईच्या घरचे पाच.”

एकेक पुढे येत होती, वाकत होती, पानं ठेवत होती. ओंजळ भरली तेव्हा बाईंनी पदर पुढे केला. शब्द ओठांवर आले होते, साधेच शब्द, अगं, ही आपली लहान झाडं नव्हेत गं. पण समोर धुरपदाबाईंची नवी सून वाकलेली होती. लग्नानंतरचा तिचा पहिला दसरा, आणि सासूनं तिला सणाच्या दिवशी एका कोऱ्या कपाळाच्या बाईच्या पाया पडायला आणलं होतं. मुलीनं वर पाहिलं. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“सोन्यासारखी राहा,” त्या म्हणाल्या. प्रत्येकीला म्हणाल्या. साखर कधीच संपली, मग त्यांनी गुळाचा खडा फोडला. शेवटची बाई गेली आणि बोळ रिकामा झाला, तेव्हाच त्या खाली बसल्या. पदरातली पानं मांडीवर सांडली. त्यातलं एक अळीनं कुरतडलेलं होतं. त्या अळ्या त्यांनी स्वतः बोटांनी वेचल्या होत्या.

सकाळी घाटावर त्यांच्याआधी कोकिळा पोचली होती. काठावर उकिडवी बसून ती हुंदके देत होती.

पट्टीत काटक्या उभ्या होत्या. पानाचं नाव नाही. बायकांनी पाच पाच घेतली होती, पण बुधवाऱ्यात घरं काय थोडी होती? बाकीची पानं संपल्यावर कोणी शेंड्याची ओढली असतील, शेंडा मोडला असेल. पोरांनी ओढाताण केली असेल. काही झाडांची साल बुडापर्यंत सोलवटून आली होती.

“बाई, मीच सगळ्यांले इथं आणलं. दाखवलं, हे पाहा खरं पान. मले वाटलं, तुमाले खुशी होईन.” कोकिळा बोलताना अडखळत होती. “मी पन पाचच घेतले, बाई. सच्ची.”

“हो गं,” बाई तिच्याजवळ बसत म्हणाल्या. “मला ठाऊक आहे.”

“फुटतीन ना परत?”

बाईंनी एका काटकीची साल नखानं हलकेच खरवडून पाहिली. मग दुसरीची.

रविवारी बायका आल्या. लांबून त्यांची बडबड ऐकू येत होती, जवळ आल्यावर ती बंद पडली. धुरपदाबाई एका काटकीपासून दुसरीपर्यंत चालत गेल्या, परत आल्या. त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं आणि मातीकडे पाहत उभ्या राहिल्या. मालूबाई पुटपुटल्या, “पाचच तं घेतले होते मी...” त्यांना कोणी काही म्हटलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडाशी नवं राज्य झालं. जुने साहेब नागपूरकडे गेले. नवे साहेब जबलपूरकडून आले होते, तरुण आणि मनानं चांगले. बोली कागदावर होती तशी पाळायला ते स्वतः घाटावर उतरले. बायकाही आल्या होत्या, एका बाजूला दाटीवाटीनं उभ्या.

“बहनजी, यहाँ तो बस डंडियाँ खड़ी हैं,” साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. “किसी ने तोड़ा है क्या? नाम बताइए, मैं देखता हूँ. नुकसान किसी और ने किया हो, तो एक साल और दे सकता हूँ.”

एक वर्ष! बाईंनी मान वर केली. नाव सांगायचं, तर कोणाचं सांगायचं? सगळ्यांचं सांगावं लागलं असतं. साहेबांच्या शिपायानं दारोदार जाऊन विचारलं असतं, आणि दरवर्षी पुढे जाणारी ती पावलं, जी सणाच्या दिवशी एकदाच त्यांच्या दारात थांबली होती, ती आता त्यांना पाहून रस्ता बदलू लागली असती.

धुरपदाबाई पुढे सरकल्या. “साहेब, ते आमीच—”

मथुराबाईंनी त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं. आणि आपल्या शाळामास्तरणीच्या हिंदीत, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “किसी ने नहीं तोड़ा, साहब. मेरे सिखाने में कमी रह गई.”

साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी मान हलवली, लाकडांच्या अड्ड्याच्या कागदावर सही केली आणि गेले. धुरपदाबाईंचं मनगट बाईंच्या हातात तसंच होतं. मग धुरपदाबाई रडायला लागल्या, इतक्या मोठ्यानं, की पाण्यात उभ्या असलेल्या म्हशींनी माना वळवून पाहिलं.

चार दिवसांनी काठावर ट्रक लागला. सागाचे ओंडके, अजून ओली साल असलेले. दोन दोन हमाल एकेक ओंडका खांद्यावर घेऊन उतारावरून खाली येऊ लागले. पहिल्या जोडीला वाट मिळाली नाही, कारण पट्टीत एक बाई घागर घेऊन वाकली होती. काटक्यांना पाणी घालत होती.

“ओ बाई—” मागचा हमाल ओरडला.

“थांब रे,” पुढचा म्हणाला.

मथुराबाईंनी वर पाहिलं, पण घाई केली नाही. एका काटकीच्या बुडाशी पाणी ओतायचं, ते जिरेपर्यंत थांबायचं, मग पुढची. घागर संपली तशी त्या तापीत उतरल्या, भरून परत आल्या. ओंडका टेकवायला जागा होती, ती सगळी त्या काटक्यांचीच. हमालांनी खांदा बदलला आणि ते वाट पाहत उभे राहिले.