रोवण्याचं गाणं कोणाचं

सकाळचा चहा घेताना इश्वर फोनवर बेबीबाईचं गाणं ऐकायचा. एक घोट घेऊन कप खाली ठेवायचा, डोळे मिटायचा, आणि मग साडेतीन मिनिटं कोणी हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. बेबीबाई गेल्यापासून दोन वर्षं हा नेम चुकला नव्हता. घरात तिच्या लुगड्यांची पेटी होती, लग्नातला फोटो होता, आधार कार्डावरचा एक होता. आवाज मात्र त्या साडेतीन मिनिटांतच काय तो उरला होता.

ते गाणं त्यांच्या मुलीनं, रुपानं टिपलं होतं. रुपा तुमसरला दिलेली. तिथं तिचं शिवणकामाचं दुकान. चार वर्षांपूर्वी रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ती आसगावला माहेरी आली, तेव्हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहून तिनं फोन धरला होता. खाली बांधीतल्या चिखलात नऊ बाया ओळीनं वाकून धानाची रोपं, पऱ्हे, लावत होत्या, आणि मधोमध बेबीबाई गाणं सांगत होती. रुपानं तो व्हिडिओ इंटरनेटवर चढवला. पुढं फोनमध्ये जागा उरेना, तेव्हा फोनमधला पुसून टाकला. वर ठेवलेलं कुठं जातं, असं तिला वाटलं.

यंदा रोवणा सुरू व्हायच्या आठवड्यात एका सकाळी गाणं लागलंच नाही. इश्वरला वाटलं, रेंज नसेल. तो कप हातात घेऊन बोअरिंगपाशी गेला, तिथून गोठ्यामागं गेला. शेवटी त्यानं रुपाला फोन लावला.

"काय दिसून राहिलं बाबा?"

"सारं काळं दिसून राहिलं. मधात रडक्या तोंडाचं चित्र हाये."

"खाली काय लिहिलं?"

"इंग्रजी हाये. मले चश्म्यानं बी नाही समजत अन् चश्म्याबिगर बी नाही."

रुपानं आपल्या फोनवर पाहिलं आणि दुपारी तिचा उलट फोन आला. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या गाण्याच्या कंपनीनं लोकगीतांचा एक संच काढला होता. त्यात कोणा शिकलेल्या गायिकेनं हेच गाणं म्हटलं होतं, मागं बासरी वगैरे घालून. आता व्हिडिओवाल्यांच्या मशीननं चाल ताडून पाहिली, ती जुळली, कंपनी म्हणाली गाणं आमचं, आणि बेबीबाईचा व्हिडिओ बंद झाला.

"बंद कायले?" इश्वरनं विचारलं.

"चोरीचा हाये म्हनते."

"कोनं चोरला?"

"आपून."

"तुही माय चार वर्साआधी गायली. तेयचं गाणं कवाचं हाये?"

"यंदाचं."

"मंग?"

"मशीनले मागचं-पुढचं नाही समजत बाबा. तिले फक्त सारखं-वेगळं समजते."

दाद मागायला सात दिवस होते. त्यासाठी एक फॉर्म होता आणि तो फोनवरच भरायचा होता. रात्रीची जेवणं उरकून रुपा एकेक प्रश्न मराठीत करून विचारत गेली आणि इश्वर उत्तरं देत गेला.

"हे गाणं तुमी रचलं का?"

"नाही."

"घरातल्या कोनी रचलं?"

"नाही."

"या गाण्यावर तुमची मालकी हाये का?"

इश्वरला हसू आलं. रोवण्याच्या गाण्याची एक रीत असते. बाई गाणं सुरू करते तेव्हा ते कोणत्या गावचं, कोणाकडून आलं, हे आधी सांगते. हे माझ्या मावशीच्या गावचं, हे वैनगंगेपलीकडचं, असं. आपणच रचलं असलं तरी कोणाचं तरी नाव पुढं करते. हे माझं, असं कोणी म्हणालीच, तर बाकीच्या बाया दिवसभर तिची थट्टा करून तिला सोडत नाहीत.

"गाण्यावर कोनाची मालकी राहते?" इश्वर म्हणाला. "नाही म्हन."

पलीकडून रुपा घुटमळली. "हो म्हनू का बाबा? कोन पाहाले येते?"

"खोटं कायले लिहायचं? खरं सांगतलं तं तेयलेही समजंन, का तेयचं बी नाही अन् आपलं बी नाही. मंग भांडन कायचं?"

रुपानं 'नाही'वर बोट ठेवलं आणि फॉर्म पाठवला. चार मिनिटांत उत्तर आलं. मालकी नसल्याचं तुम्ही स्वतः मान्य केलं आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

"चार मिनिटांत वाचलं तेयनं?"

"वाचलं नाही बाबा. मशीनच हाये थे."

"तिच्यावर मानूस असंन न कोनी. कुठं बसते थो? मी जातो. मुंबईत असंन तं मुंबईले जातो."

"तिथं मानूस भेटत नाही."

"पवनीच्या तहसीलात साहेब नसला तं बाबू राहते. बाबू नसला तं चपराशी राहते. उद्या या म्हनाले तरी कोनी राहतेच न."

"इथं उद्या या म्हनाले बी कोनी नाही बाबा," रुपा म्हणाली.

त्यानंतरच्या सकाळी इश्वरनं चहा केला आणि तो तसाच निवून गेला. बेबीबाईचा आवाज आठवायचा म्हणून तो बसून राही. शब्द आठवत, चाल आठवे. पण ते म्हणणारी बाई त्याच्या मनात मुकीच राहायची, आणि चाल त्याच्याच घोगऱ्या आवाजात वाजायची. आपण तिला विसरायला लागलो की काय, ही भीती त्याला पहिल्यांदा वाटली, आणि ती त्यानं रुपालाही सांगितली नाही.

तीन दिवसांनी रुपानं शोधून काढलं की अजून एक वाट आहे. ज्या कंपनीनं हक्क सांगितला तिलाच पत्र लिहायचं. गाणं कुठून आलं, कोणाचं, ते समजावून सांगायचं. तिनं माघार घेतली तर व्हिडिओ परत येईल. पण हे शेवटचं. यानंतर दार बंद.

तेव्हा इश्वर सीताबाईकडं गेला. सीताबाई बेबीबाईची जोडीदारीण. जन्मभर दोघी रोवण्यात शेजारी उभ्या राहिलेल्या. ते गाणं मुळात तिनंच आपल्या माहेराहून, कारध्याहून आणलं होतं. त्या दिवशी बाया इश्वरच्याच बांधीत होत्या. दुपारच्या सुट्टीत डबे सोडून धुऱ्यावर बसल्या होत्या. इश्वरनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "आता कोनाचं नाव लिहू?"

"कायचं नाव?" सीताबाई म्हणाली. "माही माय म्हने. तिनं नदीपल्याडच्या बायाईपासून ऐकलं. तेयनं कुठून आनलं, मले का माहीत?"

"दुसरं कडवं तं माह्या सासूचं हाये," केशरबाई म्हणाली. ती ओळीतली सगळ्यात म्हातारी.

"तुह्या सासूचा आवाज ऐकून बैल पळत होते. तिनं कडवं कवा केलं?" सीताबाईनं विचारलं.

बाया हसल्या. केशरबाईही हसली.

"मंग तुहं नाव लिहू सीताबाई?"

"नको गा भाऊ. माहं लिहिशीन तं कारध्याच्या बाया मले हासतीन."

"बेबीचं लिहू?"

"बेबीचं लिहिशीन तं बेबी हासंन."

कोणीतरी नुसतंच, जेवता जेवता, गाण्याची ओळ गुणगुणली:

रोव रोव बाई, पऱ्हा सरळ रोव,
माहेरच्या धुऱ्यावर उभा माहा भाव.

इश्वरनं मान खाली घातली. "मले गाण्याचं काही करायचं नाही," तो म्हणाला. "गाणं नेऊ दे तेयले. कंपनीच्या नावानं चढू दे, बासरी वाजवू दे का ढोल वाजवू दे. मले तिचा आवाज पायजे."

सीताबाईनं डब्याचं झाकण लावलं.

"मंग हेच लिही न," ती म्हणाली. "हे खरं हाये."

रविवारी रुपा आली. अंगणात बसून इश्वरनं सांगितलं आणि तिनं लिहून घेतलं. मग ते इंग्रजीत केलं. पत्रात होतं ते असं: हे गाणं आमचं नाही आणि आमच्या समजुतीप्रमाणे तुमचंही नाही. ते रोवणाऱ्या बायांचं आहे. पण त्यावरून आम्हाला वाद घालायचा नाही. गाणं तुम्ही ठेवा. व्हिडिओत जी मधली बाई आहे ती माझी बायको बेबीबाई. ती आता नाही. तिची चालती-बोलती दुसरी काही खूण माझ्याजवळ नाही. गाणं काढून घ्यायचं असेल तर घ्या, पण आमची बाई आम्हाला परत द्या.

रुपानं लिहिलेलं परत वाचून दाखवलं. "चांगलं सांगतलं बाबा," ती म्हणाली. "आता कोनीही असो, थे पाघळंन."

उत्तर यायला एकोणीस दिवस लागले. तोवर रोवणा संपला, बांध्या हिरव्या झाल्या. रोज सकाळी इश्वर तो काळा पडदा उघडून पाहायचा आणि मिटायचा. एकदा त्यानं कंपनीचं गाणं ऐकून पाहिलं. गायिकेचा आवाज गोड होता, बासरीही गोड होती. कुठंच दम लागत नव्हता, कोणी मधे खोकत नव्हतं. कुठं तरी बेबी सापडेल म्हणून त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं आणि बंद केलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळीच रुपाचा फोन आला. "आलं बाबा. तेयनं मानलं. चालू झालं."

इश्वरनं तिला धड उत्तरही दिलं नाही. चूल पेटवली, चहा केला, दूध जरा जास्तच घातलं. एक घोट घेऊन कप खाली ठेवला. बोटानं फोनवर दाबलं आणि डोळे मिटले.

काही ऐकू आलं नाही. आवाज कमी असेल म्हणून त्यानं चाचपडत बाजूचं बटण दाबलं. पूर्ण वाढवलं. फोन कानाशी धरला. मग डोळे उघडले.

व्हिडिओ चालू होता. बांधी होती, नऊ बाया होत्या, मधोमध बेबीबाई होती. तिचं तोंड हलत होतं. खाली इंग्रजीत एक ओळ होती. ती रुपानं नंतर फोनवर वाचून दाखवली: तुमच्या विनंतीनुसार वादग्रस्त गाणं काढून टाकून व्हिडिओ पुन्हा सुरू करण्यात आला आहे. प्रकरण बंद.

"आपुनच लिहिलं होतं बाबा," रुपा रडत म्हणाली. "गाणं काढून घ्या म्हनून. मीच लिहिलं. मले समजाले पायजे होतं का आवाजातून गाणं वेगळं निघत नाही."

"तुले का माहीत? मीच सांगतलं तसं."

"आता काही करता येत नाही."

"राहू दे बाई. रडू नको. दुकान उघड, गिऱ्हाईक येतीन." मग तो म्हणाला, "दिसते तं खरी."

फोन ठेवून त्यानं व्हिडिओ पुन्हा लावला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दोन वर्षांत त्यानं हा व्हिडिओ ऐकला होता, पाहिला कधीच नव्हता. बेबीबाईनं डोक्यावरून खताच्या पोत्याचं प्लास्टिक घेतलं होतं. कपाळावरचं पाणी ती मनगटानं पुसत होती, कारण बोटांना चिखल होता. ओळ संपली की नऊही बाया एकदम एक पाऊल मागं सरकत होत्या, आणि ती सरकताना दर वेळी सीताबाईला कोपरानं हलकंच ढोसत होती. हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं.

गाणं संपलं असावं, कारण सगळ्यांची तोंडं मिटली. एरवी इश्वर इथंच डोळे उघडून कप उचलायचा. पण व्हिडिओ अजून थोडा उरला होता. बेबीबाई सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि धुऱ्याकडं पाहून काहीतरी बोलली. रुपाकडं पाहून नव्हे, जरा डावीकडं. डाव्या कोपऱ्यात एक चिखलानं माखलेला पाय दिसत होता, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला. तो इश्वरचा होता.

ती त्याच्याशीच बोलली होती. दोन-तीन शब्द. मग व्हिडिओ संपला.

ते शब्द महिन्याभरापूर्वीपर्यंत रोज सकाळी त्याच्या हातात होते. गाणं झालं म्हणून त्यानं कधी कान दिला नव्हता.

दुपारी तो सीताबाईच्या घरी गेला. तिनं डोळ्यांपासून लांब धरून तीनदा पाहिलं. "पानी मांगून राहिली असंन," ती म्हणाली. "नाही तं पऱ्ह्याच्या पेंड्या मांगितल्या असंन. तूच तं पेंड्या देत होता."

"नीट पाहा न."

"पाहून राहिली बापा." तिनं चौथ्यांदा पाहिलं. "मी बाजूलेच होती, पन माहं ध्यान हातातल्या पऱ्ह्यात. चार वर्स झाले गा भाऊ. रोज का कमी बोलत होती थे?" मग त्याच्या तोंडाकडं पाहून ती म्हणाली, "पानीच असंन. लय तपत होतं त्या दिवशी."

घरी येऊन इश्वर भिंतीवरच्या दाढीच्या आरशापुढं उभा राहिला. एका हातात फोन धरून त्यानं तिचे ओठ पाहिले, मग आरशात स्वतःचे. पानी आन जो, असं म्हणून पाहिलं. पेंड्या दे, असं म्हणून पाहिलं. घरी चाल, असं म्हणून पाहिलं. तिचे ओठ एवढे लहान दिसत होते की प्रत्येक वेळी जुळल्यासारखं वाटे आणि पुढच्या खेपेला जुळत नसे.

पाणीच मागितलं असेल, असं त्यानं सीताबाईच्या शब्दावर धरून चालायचं ठरवलं. पण मग आपण ते नेऊन दिलं होतं का, हे त्याला काही केल्या आठवेना. त्यानं व्हिडिओ पुन्हा लावला आणि या खेपेस फक्त त्या कोपऱ्यातल्या पायाकडं पाहत राहिला, तो तिच्या दिशेनं उचलला जातो का ते पाहायला.