पुतळाबाईंनी केलेलं सत्त्व

औषध कंपनीत माझं काम नावं तपासायचं. बाटलीवरच्या लेबलात एक अक्षर चुकलं तरी मी अख्खा माल अडवतो. कुरकुंभच्या एमआयडीसीत मला सगळे खडूस म्हणतात, आणि मला त्याचा अभिमान होता.

याच शहाण्यानं सख्ख्या बहिणीच्या आजाराचं नाव बदललं.

नीलम माझी धाकटी. लग्नाआधी तिचं पोट सतत बिघडायचं, अंगात रक्त म्हणून नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला आणि मला समोर बसवून सांगितलं, "गव्हाची ॲलर्जी वेगळी, नुसता गहू न सोसणं वेगळं. हा सीलिएक आहे. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. यावर गोळी नाही. गहू जन्मभर बंद."

कवठे येमाईला आमच्या घरी बाजरीच्या भाकरीवर ती चार महिन्यांत टवटवीत झाली. तेवढ्यात दौंडचं स्थळ आलं. वडील नव्हते, त्यामुळे बोलणी माझ्याकडे. आजार म्हटलं की पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात, हे मी दोनदा पाहिलं होतं. म्हणून मी हसत म्हणालो, "गव्हाची जराशी ॲलर्जी आहे तिला. गोळी घेतली की जाते." नीलमलाही बजावलं, यापुढे एक शब्द बोलायचा नाही.

दोन वर्षं तिनं 'मला भाकरीच आवडते' म्हणत काढली. मग तिला दिवस गेले. बाजरी उष्ण, पोटुशीला चालायची नाही, म्हणून तिच्या सासूनं, पुतळाबाईंनी, भाकरी बंद करून चपाती सुरू केली. बाई फार मायाळू. गहू तीन दिवस भिजत घातले, वाटले, फडक्यातून गाळून चीक वाळवला आणि स्वतःच्या हातानं डबाभर सत्त्व केलं. रोज सकाळी दुधात शिजवून वाटीभर सुनेपुढे. वर ॲलर्जीची गोळी, मी सांगितल्याप्रमाणे. नीलम वाळत चालली तशी वाटी मोठी होत गेली.

पाचव्या महिन्यात तिचा फोन आला. "दादा, सांगू का आता?"

"थोडं दमानं घे," मी म्हणालो. "बाळ होऊ दे, मग मीच सांगतो."

सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी कधी काही तपासलं होतं का? नीलमनं माझ्याकडे पाहिलं आणि "नाही" म्हणाली. मी खाली मान घालून उभा राहिलो. तिथल्या तपासणीतही सीलिएकच निघाला. गव्हामुळे तिच्या अंगी काही लागत नव्हतं, त्यानंच बाळ गेलं असावं, असं बाईंनी पुतळाबाईंना सांगितलं.

त्या दिवसापासून पुतळाबाईंनी अन्न सोडलं. "माझ्याच हातानं घातलं गं," एवढंच म्हणायच्या. नीलमनं फोनवर रडत रडत मला हे सांगितलं. तेव्हा मी जुना रिपोर्ट घेऊन दौंडला गेलो.

"मावशी, दोष तुमचा नाही. हा कागद लग्नाच्या आधीचा आहे. मला सगळं ठाऊक होतं."

त्यांनी कागद उलटसुलट केला. "तारीख वाचा, पाव्हणं."

मी वाचली.

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, "खरं नाव सांगितलं असतं, तर मी काय सून परत धाडली असती व्हय? जल्मभर ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या असत्या की. भाकरीला काय लागतंय?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, फळीवरून सत्त्वाचा स्टीलचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो तुम्ही न्या. माझ्या घरात आता गहू न्हाई."

नीलम दारात उभी होती. तिनं मला थांब म्हटलं नाही.

बाहेर येऊन मोटारसायकलला किल्ली लावली, पण डबा कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी तो छातीशी धरून मी तिथंच, त्यांच्या अंगणात, रडत उभा राहिलो.