हार्ड डिस्कवरचा बांध

मुरुमच्या स्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत कडूबाई रोज सकाळी नऊला आपल्या मेलेल्या नवऱ्याशी भांडायची. मेलेला म्हणजे खराखुरा मेलेला. गुंडप्पाला माती देऊन तीन वर्षं झाली होती आणि तो उठून आल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं.

थोरला लेक विरेश कॉम्प्युटर चालू करून एक व्हिडिओ लावायचा. नऊ सेकंदांचा. नवा कॅमेरा आणला तेव्हा त्यानं तो सहज बापावर धरून बघितला होता. त्यात गुंडप्पा ओसरीवर बसलेला दिसायचा. क्षणभर तोंड मिटून, मग कॅमेऱ्याशेजारी उभ्या बायकोवर खेकसायचा, "ए कडे, कवाधरनं हाका मारतोय! तुझ्यापरीस म्हस बरी, आवाज दिल्यावर मान तरी वळवती!"

झालं. कडूबाई पदर खोचून सुटायची. "आरं मुडद्या, म्हशीसंगंच लगीन लावायचं हुतंस! तिनं तरी शिंगावर घेतला असता तुला!" आता मुडदा ही शिवी होती की वस्तुस्थिती, हे ऐकणाऱ्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण ऐकायला गर्दी व्हायची. आळंदची बस या भांडणापायी रोज सहा मिनिटं उशिरा सुटायची.

कडूबाईला हे भांडण भाकरीइतकं लागायचं, त्याला कारण होतं. गुंडप्पा जिवंतपणी एक वाक्य बोलायचा आणि तोंड मिटायचा, ते आठ-आठ दिवस. एकदा आमटीत मीठ जास्त पडलं तर पोळ्याला धरलेला अबोला त्यानं दसऱ्याला सोडला, तोही म्हशीशी बोलून. भिंतीशी किती भांडणार? चाळीस वर्षांची उत्तरं बाईच्या पोटात तशीच साठून राहिली होती. आता मात्र तो रोज नऊ वाजता बोलायचा आणि उठून जाऊ शकायचा नाही. शेवटचा शब्द रोज तिचा.

मग लेकांची वाटणी झाली. रान दोन जागी झालं, भांडी झाली, म्हैस महिना-महिना वाटून घेतली. स्टुडिओतला इन्व्हर्टर विरेशला गेला, खुर्ची धाकट्या नंदीशला. कडूबाई कुणीच मागितली नाही, म्हणून ती नंदीशकडं गेली. राहिला कॉम्प्युटर. तो एकच. नंदीश लोखंड कापायची करवत घेऊन आला, तेव्हा लोकांनी उमरग्याहून मंजुषाला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीत तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

"कापताय कशाला?" ती म्हणाली. "आतल्या आत वाटणी करता येती. हार्ड डिस्क म्हंजी रान समजा. मधी बांध घालते. हिकडं थोरल्याचं विंडोज, तिकडं धाकट्याचं लिनक्स. बटण दाबलं की मशीनच इचारंल, कुणाच्या रानात जायचं म्हणून."

"दादाचं विंडोज मला नकोच," नंदीश म्हणाला. "त्याचं तोंड बी बघायचं न्हाय."

सकाळ विरेशची, दुपारी एकनंतर नंदीशची, असं ठरलं. जाता जाता मंजुषानं बजावलं, "बांध हलवू नका. हलवायचाच झाला तर आधी सगळं दुसरीकडं काढून ठिवा. आन् हलवताना लाईट गेली तर मला बोलवू नका, देवाला गाऱ्हाणं घालाया गुरवाला बोलवा."

गुंडप्पा विरेशच्या हिश्श्यात गेला. नंदीशनं मागून पाहिलं, "आप्पाचा आवाज मला बी दे की."

"आप्पा माज्या रानात हाय," विरेश म्हणाला. "वाटणी कबूल केलीस न्हवं?"

आई धाकट्याच्या घरी जेवते हे विरेशला सलत होतं. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "अव्वा, आधी दुकान झाड, मग आप्पा." कडूबाईनं झाडलं. मग सगळ्या फ्रेमा पुसल्यावर आप्पा. मग थोरल्या सुनेची धुणी झाल्यावर आप्पा. गुडघे धरून ती वाकायची, पण नऊ सेकंदांसाठी करायची. एका सकाळी धुणं वाळत घालून ती ओल्या हातानं येऊन बसली. विरेशनं व्हिडिओ लावला आणि "तुझ्यापरीस म्हस बरी" इथं थांबवला.

"फुडचं?"

"फुडचं उद्या. आज चादरी राहिल्यात."

अर्ध्या वाक्याला उत्तर देता येत नाही. कडूबाई उघडं तोंड तसंच मिटून घरी आली आणि नंदीशला म्हणाली, "बांध कोर."

या विषयात तिचा अधिकार मोठा होता. शेजारच्या रानाच्या आण्णासाहेबाच्या बांधावर एक चिंच होती. कडूबाईनं अठरा वर्षं, दर खुरपणीला चार बोटं, असा तो बांध कोरला. चिंच जागेवरून तसूभर हलली नाही, पण अठराव्या वर्षी ती कडूबाईच्या रानात उभी होती. आण्णासाहेबानं मोजणी आणली तर मोजणीवाल्याला तिनं त्याच चिंचेखाली बसवून त्याच चिंचेचं सार पाजलं.

"बांध सरकला की झाड आपलं," ती म्हणाली. "तुजा बाप त्या बांधाच्या पलीकडंच बसलाय. रोज जरा जरा कोर, आपसूक हिकडं यील."

नंदीश बारावीला दोनदा बसलेला होता. त्याला हे पटलं. दादाच्या रानात शिरून आप्पाला उचलून आणावं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दुसऱ्याच्या रानात शिरणं म्हणजे चोरी. बांध कोरणं ही वहिवाट.

बांध सरकवायचा प्रोग्राम त्यानं मोबाईलवर बघून शिकून घेतला. रोज दुपारी विरेश जेवायला गेला की दादाच्या बाजूनं चिमूटभर जागा कापायची आणि आपली रेघ तेवढी पुढं न्यायची. पंधरा दिवसांत विरेशनं काढलेल्या लग्नांच्या व्हिडिओंना जागा पुरेना. "लोकांची लग्नंच लांबाय लागलीत," असं तो म्हणायचा. त्याला संशय आला नाही. आणि इकडं गुंडप्पाही आला नाही.

सोळाव्या दिवशी कडूबाई स्वतः दुकानात येऊन बसली. "चिमटीनं काय कोरतोस? नांगर घाल!"

नंदीशनं पडद्यावरची रेघ धरली आणि पार दादाच्या उंबऱ्यापर्यंत ओढली. मशीन म्हणालं, तीन तास लागतील. कडूबाई त्या सरकत्या पट्टीकडं, पाटाच्या दाऱ्यातलं पाणी बघावं तशी बघत बसली. ओठ हलत होते. नवऱ्यासाठी तिनं नव्या शिव्या काढल्या होत्या, त्यांची ती उजळणी करत होती.

चौऱ्याऐंशी टक्क्यांवर लाईट गेली.

इन्व्हर्टर भिंतीला टांगलेला होता. पण तो वाटणीत विरेशचा, आणि नंदीशला फुकट चालू नये म्हणून विरेश रोज एक वाजता त्याची वायर काढून खिशात घालून न्यायचा. वायर त्या वेळी त्याच्या घरी, उशाखाली होती.

लाईट आल्यावर मशीननं विचारलंच नाही, कुणाच्या रानात जायचं. काळ्या पडद्यावर एक पांढरी खूण तेवढी उघडझाप करत राहिली.

मंजुषा आली, दोन दिवस बसली. भाऊ एकमेकांचे गळे धरून दमले होते. "कशापायी केलं हे?" तिनं विचारलं. कडूबाईनं सांगितलं. मंजुषा तिच्याकडं बघतच राहिली. "आज्जी, लिनक्समधनं दादाचं सगळं रान दिसतं. नुसतं उघडून उचलायचं हुतं. दोन मिनटांचं काम."

मंजुषाच्या हाती काय काय लागलं? आधार कार्डासाठी काढलेले अकराशे चेहरे, कुणाच्या तरी बारशाची पत्रिका आणि त्या व्हिडिओचं नखाएवढं एक चित्र. आवाज नाही, हालचाल नाही. पहिल्या सेकंदाचं चित्र. ओसरीवर बसलेला गुंडप्पा, अजून काही न बोललेला, तोंड मिटलेला.

सकाळी नऊला विरेशनं ते पडद्यावर मोठं करून लावलं. "घे, हाय एवढाच आप्पा." बाहेर गर्दी जमली होती. कडूबाईनं पदर खोचला. "आरं मुडद्या..." ती म्हणाली, आणि थांबली. तो बघत होता. तसाच, ओळखीचा. तिनं दुसरी शिवी दिली, तिसरी दिली, नव्या ठेवलेल्या सगळ्या दिल्या. समोरचं तोंड काही उघडलं नाही.

"धरला बघा," ती शेवटी म्हणाली, "मुडद्यानं अबोला धरला."

विरेशनं कोपऱ्यातला झाडू तिच्या हातात दिला. तिनं तो मुकाट्यानं घेतला.

आळंदची बस त्या दिवशी वेळेवर सुटली.